चूक आमच्या पेटीत आहे

कंपनीची जीप चिंचटेकच्या पाण्याच्या टाकीखाली थांबली तेव्हा तिथं भांडण आधीच पेटलेलं होतं. नंदा सरवदे खाली उतरली, पाठीवरची बॅग सावरली आणि गर्दीच्या मागं उभी राहिली.

“बंद करायचंच असंल तर तोंडावर सांगून बंद करा, अक्का! दुसरी घागर नळाखाली लावली की पाणी तोडायचं, ही कुठली रीत झाली?”

बोलणारा धम्मपाल होता. मिलिंदनगरात राहणारा, लोहाऱ्याच्या शाळेत शिकवायला जाणारा. त्यामुळं वस्तीच्या वतीनं बोलायचं काम नेहमी त्याच्याच गळ्यात पडायचं. त्याच्या समोर, टाकीखालच्या खोलीच्या दारात महादेवीअक्का उभ्या होत्या. गावाला पाणी सोडायचं काम बायकांच्या गटानं घेतलं होतं आणि गटानं ते अक्कांवर सोपवलं होतं. कपाळावर विभूती, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, कमरेला खोलीची किल्ली. पाणी सोडायच्या वेळी अक्का सणाला निघाल्यासारखं नीटनेटकं लुगडं नेसून यायच्या. आज त्यांचा चेहरा उतरला होता.

“म्या हात लावला न्हाय, मास्तर. पेटीनंच बंद केला वॉल.”

“पेटीला मन असतंय व्हय? आन मग तुमी आत जाऊन पेटी बंद-चालू केली की पाणी कसं येतंय? तवाच्या तवा येतंय! म्हंजे कळ तुमच्याच हातात हाय ना?”

अक्कांनी वळून खोलीतल्या पेटीकडं बघितलं. पेटी नंदाच्या कंपनीची होती, आणि असं का होतं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

ही पेटी सोमेश सरांनी बनवलेली. पुण्यातली नोकरी सोडून ते धाराशिवला परत आले आणि औद्योगिक वसाहतीत एक शेड घेऊन त्यांनी गावोगावच्या नळयोजनांसाठी पेट्या करायला सुरुवात केली. कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं आणि कधी थांबवायचं, ते पेटी बघते आणि त्याप्रमाणं मोटरचे व्हॉल्व्ह उघडते, मिटते. पेटीत खालच्या थराला सी भाषेतला प्रोग्राम, प्रत्यक्ष मोटर हलवणारा. त्याच्यावर लुआ नावाची दुसरी, सोपी भाषा बसवलेली, गावातल्या माणसाला स्वतः लिहिता यावी म्हणून. वेळ बदलायची तर इंजिनिअरची वाट बघत बसायला नको. सरांची ही कल्पना नंदाला मनापासून आवडली होती, म्हणून तर पहिली नोकरी तिनं इथं धरली. गावोगावच्या बायकांना त्यांनी प्रशिक्षण दिलं. अक्का त्यातल्या सगळ्यात हुशार. गेल्या उन्हाळ्यात मिलिंदनगरात पाईपलाईन पोचली तेव्हा वस्तीच्या पाण्याच्या वेळेची ओळ पेटीत अक्कांनी स्वतः लिहिली होती.

गर्दीनं नंदाला वाट दिली. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचून धम्मपाल जरा थांबला.

“सरवदे? कुठले?”

“येडशी. वडील रेल्वेत गँगला होते.”

“जय भीम, ताई.” त्याचा आवाज उतरला. “मग तुमी तरी खरं काय ते सांगा. आमाला लई येळा सांगून झालंय की तुमचा भ्रम हाय म्हणून.”

“जय भीम. खरं तेच सांगीन,” नंदा म्हणाली. “पण आधी मला कळू द्या.”

तिनं पेटी उघडली, तारा तपासल्या, व्हॉल्व्ह हातानं फिरवून बघितला. सगळं ठीक होतं. अक्कांनी पेटी बंद करून चालू केली आणि मिलिंदनगरच्या नळांना पाणी आलं. बाहेरची माणसं एकमेकांकडं बघून हसली. ते हसणं अक्कांना लागलं. त्यांनी पदर ओढून घेतला.

“अक्का, उद्या सकाळी पाण्याच्या वेळेला तुम्ही माझ्यासंगं वस्तीत येऊन बसाल का?” नंदानं विचारलं. “खोलीला कुलूप घालायचं आणि किल्ली तुमच्याच कमरेला.”

 मिलिंदनगरात अक्का आजवर वस्तीच्या तोंडापर्यंतच जायच्या, तेही कामापुरतं. “येते की,” त्या शेवटी म्हणाल्या. “चोरीचा आळ घेऊन घरात बसण्यापरीस ते बरं.”

लोहाऱ्याला मावशीकडं मुक्काम करून नंदा सकाळी परत आली. धम्मपालच्या आईनं, बनाबाईनं, अंगणात दोन खुर्च्या टाकल्या होत्या. अक्का खुर्चीच्या कडेवर बसल्या. बनाबाईनं चहा आणला, अक्कांच्या पुढं कप धरला आणि तशीच उभी राहिली. अक्कांनी कप घेतला. पहिला घोट घेतल्यावर म्हणाल्या, “आलं घालतीस व्हय गं? बेस लागतंय.”

नळाला पाणी आलं. बायकांनी घागरी लावल्या. वस्तीच्या तोंडाशी लोखंडी झाकणाखाली व्हॉल्व्ह होता, तिथं नंदा जाऊन उभी राहिली. पाणी जोरात चाललं होतं. मग अचानक झाकणाखाली घर्र असा आवाज झाला आणि नळांची धार बारीक होत होत तुटली.

सगळ्यांनी अक्कांकडं पाहिलं. त्यांच्या एका हातात कप होता. दुसऱ्या हातानं त्यांनी कमरेची किल्ली काढून वर धरली. धम्मपाल टाकीकडं पळत गेला. खोलीला कुलूप होतं. खिडकीतून त्यानं आत बघितलं आणि धापा टाकत परतला.

“आत कुणी न्हाय.”

त्यानं माफी मागितली नाही. पण अक्का उठल्या तेव्हा त्यांच्यासोबत टाकीपर्यंत चालत गेला, आणि वाटेत ज्यानं ज्यानं विचारलं त्याला हेच सांगितलं.

धाराशिवला परतल्यावर नंदानं टेबलावर तशीच पेटी मांडली, अक्कांच्या ओळी जशाच्या तशा भरल्या आणि चालू केली. पेटी दिवसभर निमूट चालली. सोमेश सर जाता-येता बघत होते.

“बघ. इथं काही होत नाही.”

“इथं एकच व्हॉल्व्ह आहे सर. पाणी मोजणारे सेन्सर नाहीत, काही नाही. मेमरी भरतच नाही.”

तिच्या मनात अक्कांच्या ओळी घोळत होत्या. गावातल्या जुन्या गल्ल्यांच्या ओळी कंपनीच्या माणसानं भरलेल्या. त्यात प्रत्येक व्हॉल्व्ह तयार करून त्याला एक नाव दिलेलं. मिलिंदनगरच्या ओळीत व्हॉल्व्ह तयार केला होता, वेळ सांगितली होती, पण नाव दिलं नव्हतं. लुआत त्याची गरजच नसते. ओळ एकदम शुद्ध होती. तरीपण बंद पडायचा तो हाच व्हॉल्व्ह.

नंदानं सरांचा सी प्रोग्राम उघडला आणि वाचत बसली. थोड्या वेळानं ती एका ठिकाणी अडली. तिथून पुढं तिला वाचायची गरज उरली नाही.

लुआ आपल्या मेमरीची झाडलोट स्वतः करते. प्रोग्राममधल्या कुठल्याही नावावरून ज्या वस्तूपर्यंत पोचता येत नाही, ती वस्तू तिच्या लेखी कचरा. ती फेकून जागा मोकळी करायची. ऑफिसात या झाडलोटीला सगळे जीसी म्हणत. सी भाषेत असलं काही नसतं. सरांच्या प्रोग्रामनं प्रत्येक व्हॉल्व्हचा मेमरीतला पत्ता आपल्या यादीत लिहून ठेवला होता, पण ती यादी लुआला दिसतच नव्हती. ही वस्तू माझ्या वापरात आहे, टाकू नकोस, असं सीनं लुआला मुद्दाम कळवावं लागतं. ते सरांनी कळवलंच नव्हतं. जुन्या गल्ल्या नावांमुळं वाचल्या. मिलिंदनगरच्या व्हॉल्व्हला नाव नव्हतं, म्हणून झाडलोट आली की तो कचऱ्यात. त्यात सरांनी एक चांगलं म्हणून केलेलं: व्हॉल्व्ह फेकला जाण्याआधी तो मिटवायचा, उगीच उघडा राहू नये. म्हणून वाहतं पाणी मधेच तुटायचं. पाणी सुटल्यावर सेन्सरच्या नोंदी वाढायच्या, मेमरी भरायची आणि झाडलोट नेमकी त्याच वेळी यायची. पेटी बंद करून चालू केली की सगळे व्हॉल्व्ह नव्यानं तयार व्हायचे, आणि मिलिंदनगरला पाणी यायचं. पुढच्या झाडलोटीपर्यंत.

तिनं टेबलावरच्या पेटीत एकच बदल केला: झाडलोट मेमरी भरायची वाट न बघता पावलोपावली करायची. पेटी चालू केली. व्हॉल्व्ह उघडला आणि लगेच घर्र करून मिटला. पुन्हा चालू केली. पुन्हा मिटला.

“सर!”

सोमेश सर आले, उभ्यानंच बघितलं, मग खुर्ची ओढून बसले.  कळायला त्यांना वेळ लागला नव्हता. ते पचवायला लागत होता.

“ओळीला नाव द्यायला हवं होतं त्या बाईनं,” ते म्हणाले.

“का? भाषेत चालतं. आपण शिकवताना नाव सक्तीचं आहे असं कुठं सांगितलं?”

“नमुन्यात नाव आहे.”

“नमुना म्हणजे नियम नाही, सर. ओळ बरोबर आहे. चूक सीमध्ये आहे.”

“ते मी निवांत बघीन. तोवर जीसीच बंद करून टाकू. मेमरी पुष्कळ आहे पेटीत.”

“भरेल ती. सेन्सरची प्रत्येक नोंद नवी जागा घेते. झाडणारंच कुणी नसलं तर पेटी गोठेल, आणि ज्या अवस्थेत गोठेल त्या अवस्थेत व्हॉल्व्ह राहतील.”

“नंदा,” सर उठले, “ही पेटी मी शून्यातून उभी केलीय. तुला शाळेत ‘क’ गिरवायला लावायचे तेव्हापासून मी सी लिहितोय. जीसी बंद कर आणि पाठव.”

“मी नाही पाठवणार.”

तिनं पाठवलं नाही. सरांनी स्वतः पाठवलं, मोबाईलच्या नेटवर्कवरून थेट चिंचटेकच्या पेटीत.

आठवडाभर मिलिंदनगरला भरपूर पाणी आलं. बनाबाईनं अक्कांच्या घरी कोथिंबिरीची जुडी पाठवली. आणि मग एका पहाटे पेटी गोठली. पहाटेच्या पाण्यासाठी मिलिंदनगरचा व्हॉल्व्ह तेव्हा नुकताच उघडला होता. तो उघडाच राहिला. कुणाच्या लक्षात यायच्या आत अख्खी टाकी तिथल्या नळांतून गटारात वाहून गेली. त्या दिवशी गावात कुणालाच पाणी मिळालं नाही, आणि वरच्या धरणावरची मोटर नेमकी दुरुस्तीला काढलेली, त्यामुळं दुसऱ्या दिवशीही नाही.

आता गाव उलटं बोलायला लागलं. परवापर्यंत अक्का वस्तीचं पाणी तोडत होत्या; आज त्यांनी वस्तीसाठी टाकी मोकळी केली. “चहा प्यायली ना तिथं जाऊन! त्या चहापायी गावाला तहानेलं ठेवलं,” असं चावडीवर उघड बोललं गेलं. अक्कांचं काम काढून घ्यायला ग्रामसभा बोलावली गेली, आणि सरपंच व्यंकटरावांनी सोमेश सरांना फोन केला: येऊन सांगा, चूक पेटीची का बाईची.

जीपमध्ये सर स्वतः गाडी चालवत होते. नंदा शेजारी बसली होती. मांडीवर तिनं टेबलावर तपासलेली पेटी आणि सुटा व्हॉल्व्ह.

“हे कशाला घेतलंस?”

“दाखवायला.”

“दाखवायचं काही नाही. मी सांगणार, पेटी व्यवस्थित आहे, वापरणाऱ्याकडून चूक झाली. दुसरी कुणी बाई नेमतील. अक्कांना काय, घरी बसायला मिळेल.” थोडं अंतर गेल्यावर सर जरा मऊ आवाजात म्हणाले, “समजून घे. या तालुक्यात अजून किती गावं आपल्याकडं बघतायत. पेटीवरचा विश्वास उडाला तर परत माणसं हातानं पाणी सोडायला लागतील. कल्पनाच मरेल सगळी.”

“कल्पना चांगली आहे सर. म्हणूनच मी इथं आहे.” नंदा समोरच्या रस्त्याकडं बघत होती. “गावातली बाई स्वतः ओळ लिहील, ही कल्पना. आणि पहिली जी बाई स्वतःच्या डोक्यानं ओळ लिहिते, तिलाच आपण चोर ठरवणार?”

“तू तिथं बोलायचं नाही.”

“मी बोलणार.”

“मग मी इथंच उतरवतो तुला.”

“उतरवा. मागून बस आहे.”

सरांनी गाडी थांबवली नाही. 

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात होती. बायका एका बाजूला दाटीवाटीनं बसल्या होत्या. अक्का त्यांच्यात, मान ताठ, कुणाकडं न बघता. मिलिंदनगरची माणसं मागच्या भिंतीशी उभी होती. सरांनी बोलायला सुरुवात केली. गोड बोलायची हातोटी होती त्यांना. यंत्राचं कौतुक झालं, गावाच्या सहकार्याचं कौतुक झालं, आणि मग ते म्हणाले, “आता यंत्र म्हटलं की ते चालवणाऱ्यावर अवलंबून असतं. मिलिंदनगरची ओळ आमच्या नमुन्याप्रमाणं लिहिलेली नव्हती...”

“खोटं आहे हे.”

नंदा उभी राहिली होती.  सर वळले.

“नंदा, खाली बस.”

“नाही बसणार, सर. चूक आमच्या पेटीत आहे. अक्कांच्या ओळीत नाही.”

  तिनं पेटी उचलून सरपंचांच्या टेबलावर ठेवली, व्हॉल्व्ह जोडला, वायर शाळेच्या बोर्डात खुपसली.

“व्यंकटराव, हे बटण तुम्हीच दाबा. माझा हात लागायला नको, अक्कांचाही नको.”

व्यंकटरावांनी चष्मा चढवून बटण दाबलं. व्हॉल्व्ह उघडला. लगेच घर्र करून मिटला. व्यंकटराव दचकले.

“ओळ अक्कांचीच आहे,” नंदा म्हणाली. “पेटीत एक भाषा आहे जी नको त्या वस्तू झाडून टाकते. आणि खाली दुसरी आहे, जी व्हॉल्व्ह हलवते. खालच्या भाषेनं वरचीला सांगायचं असतं की हा व्हॉल्व्ह मला लागतोय, टाकू नकोस. ते सांगायचं आमच्या कंपनीकडून राहिलं. म्हणून पेटी मिलिंदनगरचा व्हॉल्व्ह बिनकामाचा समजून टाकून द्यायची. इथं मी ते झाडणं सारखं चालू ठेवलंय, म्हणून लगेच दिसतं. गावात ते कधीमधी व्हायचं. मग आम्ही काय केलं? चूक दुरुस्त न करता झाडणंच बंद केलं. पेटी तुंबली, गोठली आणि तुमची टाकी वाहून गेली. त्या पहाटे अक्का घरी झोपल्या होत्या.”

“आन दुसऱ्या गल्ल्यांचं कसं काय बरं चालायचं?” कुणीतरी ओरडलं. “वस्तीचंच कसं काय बंद पडायचं? पेटीला बी जात कळती काय?”

थोडी माणसं हसली. मागची भिंत हसली नाही. नंदा त्या बाजूला वळली.

“पेटीला जात कळत नाही. जुन्या गल्ल्यांच्या ओळींना नावं होती, म्हणून त्या वाचल्या. मिलिंदनगरची ओळ सगळ्यात शेवटी लिहिली गेली, कारण पाईप तिथं सगळ्यात शेवटी गेला. तो शेवटी का गेला, ते पेटीनं ठरवलं नव्हतं. ते इथं बसलेल्यांनी आपापल्या मनाला विचारावं.”

 व्यंकटराव टेबलावरची पेटी बघत राहिले. मग धम्मपाल भिंतीपासून पुढं आला.

“म्या ह्या अक्कांना सगळ्यांम्होरं चोर म्हटलो होतो,” तो म्हणाला. “सगळ्यांम्होरंच सांगतो, ते चुकलं. आता ज्यानं अक्कांचं काम काढायचं म्हटलंय, त्यानं बी उठून बोलावं.”

कुणी उठलं नाही. तेवढ्यात अक्काच उठल्या. त्या सरांकडं बघत होत्या.

“सायेब, तुमी मला शिकिवलं, ते म्या विसरले न्हाय. पण शिकिवलेलं मला कळलं न्हाय असं गावाला सांगत होता तुमी. कळलं होतं मला. लई चांगलं कळलं होतं.” मग सरपंचांकडं वळून, “काम म्या सोडणार न्हाय. काढायचं असंल तर काढा, पण कारण खरं सांगून काढा.”

व्यंकटराव खाकरले. “विषय रद्द,” ते म्हणाले. आणि सरांना, “सायेब, पेटी दुरुस्त कवा करून देताय?”

सभा संपल्यावर सर एकटेच जीप घेऊन निघून गेले. नंदा बसनं लोहाऱ्याला आली, तिथून दुसऱ्या बसनं धाराशिवला. खिडकीशी बसून तिला पहिल्यांदा भीती वाटली. घरी काय सांगायचं, दुसरी नोकरी कुठं बघायची, सगळं डोक्यात येऊन गेलं. तरी मनाच्या तळाशी काहीतरी हलकं झालं होतं.

सकाळी ती नेहमीच्या वेळेला शेडवर गेली. सर दारातच भेटले.

“राजीनामा आणलायस?”

“नाही. मी देणार नाही. तुम्हाला काढायचं असेल तर काढा. फक्त लोकांना खरं कारण सांगा.”

सर वळले. आत निघून गेले. ती आपल्या टेबलावर बसली आणि कामाला लागली. सीच्या प्रोग्राममध्ये तिनं प्रत्येक व्हॉल्व्ह तयार होताच तो लुआच्या रजिस्ट्रीत टाकायची सोय केली. रजिस्ट्री म्हणजे सीनं धरून ठेवलेल्या वस्तूंची जागा, जी झाडलोट मान्य करते. मग झाडलोट पावलोपावली चालू ठेवून पेटी दिवसभर चालवली. व्हॉल्व्ह एकदाही मधे मिटला नाही. तिनं तो प्रोग्राम सरांना पाठवला आणि वाट बघत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर तिच्या टेबलाशी आले. लॅपटॉप तिच्यापुढं ठेवला.

“इथं बघ. तू धरतेस सगळं. सोडतेस कुठं?”

नंदानं वाकून बघितलं. गावानं वेळापत्रक बदललं की नवा व्हॉल्व्ह तयार होणार; पण जुना रजिस्ट्रीतच राहणार. म्हणजे नवी वेळही चालणार आणि जुनीही. आणि दर बदलाला मेमरी अडकत जाणार, अगदी सरांच्या बंद जीसीसारखीच, फक्त सावकाश. 

“खरंय,” ती म्हणाली. “ओळ काढली की सोडायला हवं. सुटलं माझ्याकडून.”

“हं.” सरांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. “सीत सगळ्यांकडूनच सुटतं.”

दोघांनी बसून ते दुरुस्त केलं. शब्द मोजून बोलत, पण एकाच स्क्रीनकडं बघत. पेटी पुन्हा चालवली. ओळी बदलून, काढून, घालून, झाडलोट सतत चालू ठेवून. टिकली. सरांनी तो प्रोग्राम चिंचटेकला पाठवला. अक्कांचा फोन आला: मिलिंदनगरला शेवटच्या घागरीपर्यंत पाणी आलं.

“झालं तर मग,” सर म्हणाले. “बाकीच्या गावांना पण आजच पाठवून टाक. नेहमीसारखं, सुधारणा म्हणून. जास्त काही सांगायची गरज नाही.”

“आहे गरज.”

“नंदा...”

“किती ठिकाणी पाणी मधेच तुटलं असेल, सर. किती बायकांनी बोलणी खाल्ली असतील. आपण गपचूप प्रोग्राम बदलला तर त्यांच्यावरचा आळ तसाच राहील. पेटी सुधारेल, बाई खोटी ती खोटीच.”

“एकदा चिंचटेकला कापलंस ना माझं नाक? पुरे नाही झालं?”

“तुमचं नाक कापायला मी उभी राहिले नव्हते.”

   नंदानं टेबलावरचा फोन उचलला, येरमाळ्याकडच्या गावातल्या पाणीवाल्या बाईंचा नंबर लावला आणि सरांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

“शिवरंजनीताई, मी नंदा बोलतेय, धाराशिवहून, पेटीवाली. ताई, तुमच्याकडं कुठल्या गल्लीचं पाणी मधेच तुटायचं का?”

 पलीकडून सावध आवाजात, “का वो म्याडम? कुणी तक्रार केली का माझी? म्या काय बी केलं न्हाय.”

नंदानं सरांकडं बघितलं. दार उघडंच होतं, त्यांना बाहेर जाता आलं असतं. ते गेले नाहीत. खुर्ची ओढून तिच्या समोर बसले आणि फोनकडं वाकले.

“ताई,” सोमेश सर म्हणाले, “तुम्ही काही केलं नव्हतं. मी सोमेश बोलतोय. चूक आमची होती.”